किरिबातीत प्रोटेस्टंट तीस वर्षे आधी पोहोचले, तरी देश कॅथलिक कसा झाला?

जहाजी

नमस्कार. मी व्यापारी जहाजांच्या इंजिन विभागात आयुष्यभर नोकरी करून आता निवृत्त झालो आहे. शेवटच्या काही वर्षांत जर्मन मालकांच्या जहाजांवर माझ्याबरोबर किरिबातीचे खलाशी असत. पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या 33 बेटांचा हा देश आहे, आणि बेतिओ येथील सागरी प्रशिक्षण केंद्रातून शिकून बाहेर पडलेले तिथले तरुण अशा जहाजांवर नेहमी भेटतात.

रविवारी सकाळी ज्यांची पाळी नसे ते मेसरूममध्ये, म्हणजे खलाशांच्या जेवणाच्या खोलीत जमत. बोसन, म्हणजे आपल्याकडचा सारंग, रोझरीची माळ हातात घेऊन प्रार्थना सुरू करी आणि बाकीचे एका सुरात प्रतिसाद देत. दोघेजण मात्र त्यांच्यात कधी बसत नसत. ते आरोराए या दक्षिणेकडच्या बेटाचे होते आणि आपले बायबल घेऊन पलीकडच्या टेबलावर निराळी उपासना करीत. भांडण नव्हते, जेवायला, पत्ते खेळायला सगळे एकत्रच असत.

एकदा मी बोसनला विचारले तेव्हा त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या मनात तशीच राहून गेली. त्याचे घर अबायांग बेटावरच्या कोइनावा गावात. तो म्हणाला, "आमच्या गावी पहिला मिशनरी आला तो अमेरिकन प्रोटेस्टंट होता, आमच्या भाषेची अक्षरेही त्यानेच बसवली, पण आज गावात जे मोठे जुने चर्च उभे आहे ते कॅथलिकांचे आहे." मी शोधून पाहिले तेव्हा कळले की 2020 च्या जनगणनेनुसार किरिबातीचे सुमारे 59 टक्के लोक कॅथलिक आहेत. शेजारच्या टोंगा किंवा फिजी या देशांत मात्र असे झालेले नाही. तिथे आधी आलेल्या मेथॉडिस्टांचाच, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचाच, वरचष्मा टिकला. मग किरिबातीतच हे उलट का घडले? आणि दक्षिणेकडची काही बेटे तेवढी प्रोटेस्टंट का राहिली? जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहावे, ही विनंती.

नगरचा वाचक

आपला प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर आपल्या बोसनच्या बोलण्यातच आहे. अबायांगला आलेला तो अमेरिकन म्हणजे हायरम बिंगहम धाकटे. 'मॉर्निंग स्टार' नावाच्या जहाजातून ते 1857 साली पत्नीसह तिथे उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड आपल्याला परके नाही. बॉस्टनच्या याच बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईत आले, 1831 पासून अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले आणि 1842 मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. आमच्या शहरात 'अमेरिकन मिशन' हे शब्द आजही पत्ता सांगताना वापरतात. नगरला जी पद्धत होती तीच गिल्बर्ट बेटांवर होती (किरिबाती हे त्या 'गिल्बर्ट'चेच स्थानिक रूप): आधी भाषा शिकायची, तिला लिपी द्यायची, बायबल त्या भाषेत आणायचे, शाळा काढायची आणि मग स्थानिक पाळक तयार करायचे. बिंगहम यांनी लिपी बसवताना 'स' या उच्चारासाठी 'ti' ही अक्षरजोडी योजली, म्हणून 'किरिबाती' असे लिहून 'किरिबास' असे वाचतात. त्यांचे संपूर्ण बायबलचे भाषांतर 1890 साली पूर्ण झाले. एवढ्या चिकाटीने काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला अनुयायी मात्र मोजकेच आले.

याचे एक कारण साधे आहे. बिंगहम यांची प्रकृती ढासळली आणि 1875 साली त्यांना बेटे सोडावी लागली. भाषांतराचे पुढचे काम त्यांनी हवाईत बसून केले. बेटांवरचे काम हवाईहून आलेल्या पाळकांच्या हाती राहिले. त्यांतले काही अतिशय निष्ठेने राबले, हे नोंदवलेच पाहिजे. पण 1880 च्या सुमारास ताबितेउएआ बेटावर जे घडले त्याने मिशनच्या नावाला मोठा डाग लागला. कापू आणि नालिमू या दोन हवाईयन पाळकांच्या प्रेरणेने बेटाच्या उत्तर भागातल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांनी, जुना धर्म न सोडणाऱ्या दक्षिणेकडच्या गावांवर चाल केली आणि त्यात शेकडो माणसे मारली गेली. धर्माच्या नावाने झालेली ही कत्तल आसपासच्या बेटांना कळल्यावाचून राहणे शक्यच नव्हते.

आता नकाशा पाहावा. ताबितेउएआच्या उत्तरेला लागूनच नोनौती हे बेट आहे, आणि ज्या सुमारास ही कत्तल झाली त्याच सुमारास नोनौतीचे दोन मजूर ताहितीहून घरी परतले. त्यांची नावे बेतेरो आणि तिरोई. 1860 च्या दशकापासून गिल्बर्ट बेटांतली माणसे ताहिती, फिजी, सामोआ अशा ठिकाणच्या मळ्यांवर करारावर नेली जात होती. या व्यापारात फसवणूक आणि जबरदस्ती पुष्कळ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस महागला तेव्हा ताहितीतही कापसाचा मोठा मळा उभा राहिला आणि त्यासाठी दूरदूरहून मजूर आणले गेले. त्याच तेजीने मुंबईत शेअरांचे वेड पसरवले होते. बेतेरो आणि तिरोई ताहितीत असताना कॅथलिक झाले. ते धर्मगुरू नव्हते, कोणी त्यांना पाठवलेही नव्हते. पण घरी येताच ते प्रार्थना शिकवू लागले, गावोगाव लोकांना जमवू लागले, त्यांनी लहान प्रार्थनामंदिरे उभारली आणि शेकडो लोकांचा बाप्तिस्मा केला. मग त्यांनी परदेशी बिशपांकडे पुन्हा पुन्हा निरोप धाडले की, आमच्याकडे धर्मगुरू पाठवा.

ते धर्मगुरू आले 1888 च्या मे महिन्यात. येशूच्या पवित्र हृदयाचे मिशनरी या फ्रान्समधल्या इसुदाँ येथे 1854 साली स्थापन झालेल्या संघाचे फादर एदुआर बाँताँ, फादर जोझेफ लरे आणि ब्रदर कॉनराड वेबर हे तिघे नोनौतीला उतरले, तेव्हा त्यांना तयार समाज भेटला. कोरा किनारा पाहून ओळख करून घेण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली नाही. पुढे धर्मभगिनी आल्या, शाळा निघाल्या आणि 1897 मध्ये लरे गिल्बर्ट बेटांचे बिशप झाले. माझ्या मते निर्णायक गोष्ट हीच की, नोनौतीवर हा धर्म शेजाऱ्याच्या तोंडून आला, तोही अशा शेजाऱ्याच्या, जो मळ्यावर घाम गाळून परत आला होता.

पापडीकर

वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी वसईची, जन्माने कॅथलिक. बेतेरो आणि तिरोई यांनी धर्मगुरू नसताना बाप्तिस्मा दिला, हे वाचून अनेकांना वाटेल की तो नियमबाह्य होता आणि फादरांनी येऊन सगळे पुन्हा केले असेल. म्हणून आमच्या धर्माची एक बाजू सांगते.

कॅथलिक शिकवणीप्रमाणे गरज असेल तेव्हा कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी लागते, पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाव घ्यावे लागते आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याची इच्छा असावी लागते. आमच्याकडे बाळ जन्मताच अत्यवस्थ झाले तर घरातली म्हातारी किंवा सुईण बाप्तिस्मा देत असे. माझ्या आजीने असा बाप्तिस्मा दिलेला मुलगा पुढे ऐंशी वर्षे जगला. रोझरीलाही धर्मगुरू लागत नाही. संध्याकाळी घरात समईसमोर सगळ्यांनी गुडघे टेकायचे, एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पुढचा भाग म्हणायचा, एवढ्यावर ती चालते. आपल्या बोसनने मेसरूममध्ये जे केले ते नेमके हेच आहे. ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही ही प्रार्थना माळेच्या मण्यांवर बोटे फिरवीत पाठ होते आणि ती मळ्यावरून गलबतात, गलबतातून गावात सहज येते.

पण मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, आणि पापनिवेदन या दोन गोष्टी धर्मगुरूवाचून होत नाहीत. म्हणजे नोनौतीच्या लोकांजवळ धर्माचा एक भाग होता आणि दुसऱ्याची त्यांना आस लागली होती. त्यांनी पुन्हा पुन्हा निरोप का पाठवले, हे मला यातून उमगते. छापलेल्या बायबलावर उभे असलेले मिशन चालायला वाचणारा लागतो, शाळा लागते, शिक्षक लागतो. माळेवरची प्रार्थना मात्र शाळा निघेपर्यंत थांबून राहत नाही.

जपानची आठवण इथे येते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला ज्यांना क्रुसावर मारले गेले त्यांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. त्यानंतर तिथे बंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत, तरी खेड्यांतल्या लोकांनी आपसांत बाप्तिस्मा देत अडीचशे वर्षे श्रद्धा जपली आणि 1865 मध्ये ते नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये येऊन फ्रेंच फादरांना भेटले. नोनौतीचा काळ थोडक्या वर्षांचा आहे, पण जात एकच.

दप्तरदार

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, आणि बेतेरो व तिरोई यांच्याविषयी मलाही आदर वाटतो. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही. पॅसिफिकमधील कॅथलिक मिशनचा इतिहास फ्रेंच युद्धनौकांपासून वेगळा काढता येत नाही.

हवाईला पहिले कॅथलिक धर्मगुरू 1827 साली पोहोचले. तिथे अमेरिकन प्रोटेस्टंटांचे वजन होते, त्यामुळे 1831 मध्ये त्यांना हाकलून देण्यात आले आणि स्थानिक कॅथलिकांना शिक्षा झाल्या. 1839 साली कॅप्टन लाप्लास 'आर्तेमीज' ही युद्धनौका घेऊन होनोलुलूला आले, त्यांनी धर्मस्वातंत्र्याची मागणी केली आणि हमी म्हणून 20,000 डॉलर ठेवून घेतले. टोंगात मारिस्ट या कॅथलिक संघाचे फादर शेवरों 1842 मध्ये पेआ या गावी स्थिरावले. पण राजा जॉर्ज तुपू पहिला हा मेथॉडिस्ट होता आणि पेआचे सरदार त्याच्या विरोधात होते, म्हणून 1852 च्या लढाईत कॅथलिक पक्ष आपोआप हरणाऱ्या बाजूला गेला. कॅथलिकांना मोकळीक मिळाली ती 1855 मध्ये फ्रान्सशी झालेल्या तहाने. जहाजी यांनी टोंगाबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर इथे आहे. ज्या बेटांवर एकच प्रबळ राजा होता तिथे तो ज्या मिशनच्या हाती लागला त्या मिशनचा धर्म देशाचा झाला. फिजीतही 1854 साली सेरू थाकोम्बाऊ हा बलाढ्य सरदार मेथॉडिस्ट झाला आणि गोष्ट ठरून गेली. मारिस्ट फादर 1844 पासून तिथे होते, पण त्यांना मिळाला तो उरलेला कोपरा. गिल्बर्ट बेटांवर सगळ्या बेटांचा मिळून एक राजा कधी नव्हताच. उत्तरेकडे काही सरदार होते आणि दक्षिणेकडे वृद्धांच्या सभा होत्या. त्यामुळे धर्म बेटागणिक, कधीकधी गावागणिक ठरला.

आता ताहितीचे पाहा. 1836 साली कारे आणि लाव्हाल हे दोन फ्रेंच धर्मगुरू तिथे आले आणि राणी पोमारे चौथी हिच्या आज्ञेने त्यांना परत पाठवण्यात आले. तिच्या दरबारी इंग्रज मिशनरी प्रिचर्ड यांचा शब्द चालत असे. 1838 मध्ये द्यूपती-थुआर युद्धनौका घेऊन आले, राणीला माफी मागायला लावली, दंड वसूल केला आणि 1842 मध्ये तर ताहितीवर फ्रान्सचे संरक्षणच लादले गेले. एका स्वतंत्र राज्याचा तो उघड अपमान होता, आणि धर्मगुरूंच्या निमित्ताने तो झाला हे मला आजही बोचते. ताहितीत कॅथलिक धर्मगुरू राहू शकले ते या घटनेमुळे. ते तिथे नसते तर नोनौतीचे मजूर कॅथलिक होऊन परतलेच नसते. गिल्बर्टच्या किनाऱ्यावर धर्मगुरूंसाठी तोफ डागली गेली नाही, हे खरे. पण ती तोफ चाळीस वर्षे आधी दुसऱ्या बेटासमोर उभी राहिली होती. मजुरांनी आपल्या श्रद्धेने जे उभारले त्याचे मोल यामुळे कमी होत नाही, मात्र ती श्रद्धा त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे लपवूही नये.

जहाजी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पापडीकर ताई, आपण लिहिलेल्या गोष्टीने मला मेसरूममधला तो आवाज पुन्हा ऐकू आला. बोसनच्या माळेचे मणी कसल्याशा काळ्या बियांचे होते आणि इंजिनाच्या धडधडीतही त्याला कधी मोजणी चुकलेली मी पाहिली नाही. दप्तरदार यांनी दाखवलेला दुवा तर मला सुचलाच नसता.

प्रश्नाचा दुसरा भाग अजून राहिला आहे. आरोराएचे ते दोघे वेगळे का बसत? दक्षिणेकडची बेटे कॅथलिकांना का मिळाली नाहीत? त्यांतला एकजण बाकीच्यांच्या नाचालाही उठत नसे. जहाजावर कोणाचा वाढदिवस असला की उत्तरेकडचे खलाशी बसल्या बसल्या हात पसरून, मान पक्ष्यासारखी झटक्याने वळवीत गात. हा मात्र टाळी वाजवायलाही संकोचे. त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

नगरचा वाचक

संबंध आहे, आणि थेट आहे. दप्तरदार यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी तो दुवा द्यायला हवा होता.

दक्षिणेकडच्या बेटांवर 1870 साली लंडन मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेने सामोआचे पाळक आणून ठेवले. म्हणजे फादर नोनौतीला उतरण्याआधी अठरा वर्षे. हे पाळक त्या बेटांवरच राहिले, तिथल्या वृद्धांच्या सभेशी त्यांनी जुळवून घेतले, आणि थोड्याच वर्षांत गावाचा कायदा आणि चर्चचा कायदा एक होऊन गेला. रविवारी काम केले की दंड, तंबाखू ओढली की दंड, नाच केला की दंड. सोसायटीचा गोरा मिशनरी जहाजातून अधूनमधून भेट देऊन जाई. कायम राहणारा मिशनरी 1900 मध्ये बेरू बेटावरच्या रोंगोरोंगो येथे आला. तोवर आरोराए आणि तामाना ही दोन बेटे इतकी घट्ट बांधली गेली होती की कॅथलिकांना तिथे शिरकावच मिळाला नाही. बेटे लहान, लोक थोडे, एकमेकांचे नातेवाईक. अशा ठिकाणी एकट्याने वेगळा धर्म धरणे म्हणजे सभेत आपली जागा गमावणे.

नाचाची गोष्ट याहून नाजूक आहे. किरिबातीत नाच हा करमणुकीपुरता नाही. घराण्याची गाणी, पूर्वजांची नावे आणि गाणे रचणाऱ्याची विद्या त्यात असते, आणि आपण वर्णन केलेली मान वळवण्याची लकब ही समुद्रपक्ष्याची नक्कल आहे. प्रोटेस्टंट मिशनने तो जुन्या देवांचा अवशेष मानून बंद पाडला. फादरांनाही सुरुवातीला तो आवडत नव्हता, त्यांनीही काही नाचांना विरोध केला. पण एकंदरीत त्यांनी नाच आणि तंबाखू यांकडे कानाडोळा केला. उत्तरेकडच्या माणसाला नवा धर्म घेताना आजोबांचे गाणे टाकावे लागले नाही, हे त्याच्या निर्णयात नक्कीच मोजले गेले असणार. याच उत्तर बेटांवर अमेरिकन बोर्डाचा जोर ओसरत गेला आणि 1917 मध्ये बोर्डाने आपले काम लंडन मिशनकडे सोपवून अंग काढून घेतले.

दोन मिशनांतली चुरस नेहमी सौम्य राहिली नाही. 1930 साली ओनोतोआ या दक्षिणेकडच्या बेटावर, जिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य आणि कॅथलिक थोडे होते, देव अमुक दिवशी खाली उतरणार असे सांगणारी लाट उठली, आणि तिच्या भरात कॅथलिकांवर हल्ला होऊन माणसे मारली गेली. ताबितेउएआच्या पन्नास वर्षांनंतर पुन्हा तेच, फक्त या वेळी दोन्ही बाजूंना ख्रिस्ती.

आरोराएच्या त्या खलाशाबद्दल आपण विचारले म्हणून आणखी एक सांगतो. तिथल्या सभागृहाला मानेआबा म्हणतात. केवड्याच्या जातीच्या पानांनी शाकारलेले, काथ्याने बांधलेले अजस्र छप्पर, चोहोबाजूंनी मोकळे, आणि वळचण इतकी खाली उतरलेली की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते. आत प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. तिला 'बोती' म्हणतात आणि माणूस आपल्या बोतीवरच बसतो. मिशने आल्यावर गावागावांत जुन्या मानेआबाखेरीज कॅथलिकांचे एक आणि प्रोटेस्टंटांचे एक अशी वेगळी सभागृहे उभी राहिली. आपल्या मेसरूममध्ये ते दोघे पलीकडच्या टेबलावर बसत असत ना? ते बहुधा आपल्या जागेवर बसले होते.